मिठागराचा कारकून

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी चौरंगावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी तांबड्या कापडी पुठ्ठ्याची एक जुनी वही मांडलेली असते. तिच्यात आता कोणी काही लिहीत नाही. माझे वडील एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते, त्या पेढीची ती शेवटची रोजकीर्द. पेढी बसली तेव्हा वडील पंचेचाळिशीच्या घरात होते. मालकांनी किल्ल्या मागून घेतल्या, थकलेल्या पगाराचे ‘पुढे पाहू’ म्हणून सांगितले, आणि वह्या रद्दीवाल्यासाठी ओटीवर काढून ठेवल्या. वडिलांनी त्यांतली एक उचलली, काखोटीला मारली आणि ते घरी आले.

पुढचे सहा महिने मला चांगले आठवतात. वडील रोज सकाळी धुतलेले धोतर नेसून बाहेर पडत आणि दुपारी उन्हाचे परत येत. “काय म्हणाले?” असे आई विचारी. “कळवू म्हणाले,” असे उत्तर येई. ते प्रत्येकाला एकच सांगत, की मला काहीही काम द्या, मी काहीही करीन. अखेर एक दिवस आई भाकरी थापता थापता म्हणाली, “अहो, काहीही करीन म्हणणाऱ्याला कोण काय देणार? तुम्हांला काय येतं ते दाखवा की त्यांना!” दुसऱ्या दिवशी वडील ती तांबडी वही घेऊन एका दूध संस्थेत गेले. तिथे दोन वर्षांचा हिशेब जुळत नव्हता. वडिलांनी वही उघडून सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. पाचशे पानांत एक खाडाखोड नाही, आणि प्रत्येक पानाची शिल्लक पैशापैशाने बरोबर. पुढे पंधरा वर्षे ते त्या संस्थेत हिशेबनीस होते. “मी नवं काही शिकलो नाही,” ते म्हणतात, “गुळाच्या जागी दूध लिहिलं, एवढंच.”

या वहीला हळदकुंकू वाहताना दरवर्षी मला एका ऐतिहासिक पुरुषाची आठवण येते. शाळेत आम्ही मास्तर लोक त्याला अर्ध्या तासिकेत उरकतो आणि मुलांना घेऊन त्याच्या मुलाकडे वळतो. तो पुरुष म्हणजे बाळाजी विश्वनाथ भट, भट घराण्यातला पहिला पेशवा.

पेशवाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बाजीराव उभा राहतो, आणि तोही घोड्यावर. बाळाजीपंतांचे तसे नाही. त्यांचे चित्र मनात काढायचे तर बैठक मारलेल्या, पुढ्यात दप्तराचा रुमाल सोडलेल्या गृहस्थाचेच काढावे लागते. त्यांना घोड्यावर धड बसता येत नसे, दोन्ही बाजूंनी दोन माणसे धरून चालत, अशी थट्टा परंपरेने आपल्यापर्यंत पोचवली आहे. थट्टेत अतिशयोक्ती असेल. पण ज्या काळात राज्य घोड्याच्या पाठीवर होते, त्या काळी ज्याच्या बैठकीची अशी थट्टा होई, तो माणूस त्या राज्याचा मुख्य प्रधान झाला, ही गोष्ट मात्र सोळा आणे खरी. ती कशी घडली, हे पाहण्यासारखे आहे.

भटांचे मूळ गाव कोकणातले श्रीवर्धन. तिथली देशमुखी त्यांच्याकडे पिढीजात होती. देशमुखी म्हटले की आपल्याला वाडा, पालखी आणि हुजरे दिसतात. परंतु समुद्रकाठच्या महालातली देशमुखी म्हणजे मुख्यतः वसुलाचे काम. कोणत्या गावची जमीन किती, भात किती पिकते, नारळ-सुपारीच्या बागा कोणाच्या, कोणी किती भरले आणि किती थकवले, हे ज्याच्या जिभेवर तो देशमुख. मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीचा. शेजारी कान्होजी आंग्र्यांचा दर्यावरचा अंमल वाढत होता. बाळाजीपंतांचे आंग्र्यांशी सूत आहे असा सिद्दीला संशय आला. बाळाजींचा भाऊ जानोजी याला पोत्यात घालून समुद्रात बुडवले, असे परंपरा सांगते. बाळाजींनी घरदार, वतन आणि गाव सोडले. वाटेत वेळासच्या भानू बंधूंची सोबत मिळाली. जे काही मिळेल त्यात तुमचा वाटा, असे बाळाजींनी त्यांना वचन दिले म्हणतात. त्या वेळी त्यांच्यापाशी वाटण्यासारखे काही नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वचनाची गंमत कळते.

आणि मग बखरींत ती ओळ येते, जी मला सर्वांत प्रिय आहे. बाळाजीपंत चिपळूणच्या मिठागरावर कारकून होते.

मिठागरावरचा कारकून म्हणजे काय, हे देशावरच्या वाचकांना चटकन कळायचे नाही. खाडीचे पाणी भरतीला वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटवायचे, मीठ खरवडून त्याच्या राशी घालायच्या आणि पावसाळ्यापूर्वी त्या उचलायच्या. मीठ हा हिशेबाला मोठा वाईट जिन्नस. ते ओलाव्याने वाढते, पाझरून घटते, वाटेत सांडते, आणि चोरीला गेले तर पावसावर ढकलता येते. राशीचे माप, कामकऱ्यांची मजुरी, सरकारचा हक्क आणि व्यापाऱ्यांची उचल या साऱ्यांचा मेळ घालणारा कारकून डोळस लागतो. शिवाय चिपळूण हे नाक्याचे ठिकाण. तिथून कुंभार्ली घाटाने बैलांचे तांडे वर कऱ्हाडाकडे जात. मीठ वर चढे आणि धान्य खाली उतरे. घाटावर काय भाव आहे, कोणत्या चौकीवर जकात कोण घेतो, कोणता सावकार कोणाची हुंडी पटवतो, हे अशा जागी बसलेल्या माणसाला घरबसल्या समजत असणार. काल ज्याच्या दारी लोक वसूल आणून देत होते, तो आज मिठाच्या राशी मोजतो आहे. ज्यांना मानहानीच दिसली त्यांना तेवढेच दिसले. बाळाजीपंतांनी मात्र देशमुखीचेच ज्ञान दुसऱ्या मापाने मोजले, असे मी म्हणेन.

इथे एक खुलासा करायला हवा. बखरकारांना चमत्कार आवडतो. त्यांच्या सांगण्यावरून असे वाटते, की हा कारकून मिठागरावरून उठला, साताऱ्यास आला, आणि चार-पाच वर्षांत पेशवा झाला. कागदपत्रे निराळे बोलतात. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ते कागद पुढे मांडले. (हे सरदेसाईही बडोद्याच्या नोकरीतले, राजपुत्रांना शिकवता शिकवता काढलेल्या टिपणांतून त्यांची ‘रियासत’ उभी राहिली, हे आम्हां शिक्षकांना जरा जास्तच आवडते.) १६९९ ते १७०२ या काळात बाळाजी विश्वनाथ पुणे प्रांताचे सरसुभेदार होते, आणि पुढे १७०४ ते १७०७ दौलताबादकडे. त्याआधी रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली वसुलाच्या कामावर त्यांनी वर्षे घालवली होती. म्हणजे पेशवेपदापूर्वी निदान पंधरा वर्षे हा माणूस गावोगावचे हिशेब तपासत हिंडत होता.

ती वर्षे कोणती होती, हेही ध्यानात धरले पाहिजे. औरंगजेब बादशहा दक्षिणेत उतरलेला. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले, राजाराम महाराज जिंजीला निघून गेले. महाराष्ट्रात राजा नाही, खजिना नाही, आणि लढाई मात्र रोज. एकाच गावावर बादशाही अंमलदार वसूल मागे आणि मराठा सरदारही मागे. गाव उठून रानात जाई. अशा वेळी तलवारबहाद्दरांना तोटा नव्हता. संताजी-धनाजींच्या नावाने मोगलांची घोडी पाणी पीत नसत, असे आपण मुलांना सांगतो. तोटा होता तो, कोणते गाव खरोखर किती देऊ शकेल आणि किती मागितले तर ते ओस पडेल, हे सांगणाऱ्या माणसाचा. सेनापती धनाजी जाधवांना असा माणूस हवा होता. बाळाजीपंत धनाजींच्या पदरी आले ते या गुणावर. ‘मी लढेन’ असे ते म्हणाले असते तर धनाजी हसले असते. लढणारे त्यांच्याकडे पुष्कळ होते.

१७०७ साली औरंगजेब अहमदनगरापाशी वारला आणि शाहू सुटून आले. ताराबाईंनी हा तोतया आहे असे म्हणून धनाजींना त्यांच्यावर पाठवले. भीमेकाठी खेड येथे ऑक्टोबरात गाठ पडली, आणि धनाजी शाहूंना मिळाले. हे मन वळवण्यात बाळाजीपंतांचा हात होता, असे इतिहासकार मानतात. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूंना राज्याभिषेक झाला, आणि त्याच वर्षी धनाजी वारले.

नोकरदार माणसाला धन्याच्या मरणाइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही. धनाजींचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला. बापाचा विश्वासू कारभारी त्याला सलत होता. बापाच्या हयातीत ‘पंत’, ‘पंत’ म्हणून ज्याला मान द्यावा लागला, त्याला आता कारकुनाची जागा दाखवायची, असा त्याचा रोख. निमित्त झाले एका हरिणाचे. मोहिमेत एका हरिणाच्या मागे स्वार धावले, बाळाजींच्या माणसांत आणि चंद्रसेनाच्या माणसांत ते कोणाचे यावरून तंटा लागला, आणि सेनापती फौजेनिशी बाळाजींच्या मागे लागले. बाळाजी पुरंदरच्या बाजूला पळाले, तिथून पांडवगडाकडे. वयाने हे गृहस्थ आता पन्नाशीला टेकलेले. श्रीवर्धनाहून पळाले ते तरुणपणी. पण या वयात, मुलेबाळे बरोबर घेऊन, पुन्हा अंगावरच्या वस्त्रानिशी पळायचे! राधाबाईंनी त्या दिवसांत काय सोसले असेल, ते कोणत्याही बखरीत नाही. बखरकारांच्या घरीही बायका असतीलच; पण त्यांनी त्यांना विचारले नसावे.

शाहूंनी बाळाजींना पाठीशी घातले. चंद्रसेन रुसून ताराबाईंकडे गेला आणि पुढे निजामाला मिळाला. त्याच्याबरोबर सेनापतीची फौजही गेली. १७११ सालचे शाहू महाराज म्हणजे छत्र आहे, चवऱ्या आहेत आणि खाली उभे राहायला शिपाई नाहीत, अशी अवस्था. सरदार आपापल्या गढ्यांत बसून पाहत होते की कोणती बाजू वर येते.

इथे बाळाजीपंतांची खरी परीक्षा झाली. राजाला सेनापती हवा होता. बाळाजी सेनापती नव्हते आणि होऊही शकत नव्हते. शाहूंनी त्यांना जे पद दिले त्याचे नावच पाहा : ‘सेनाकर्ते’. सेना चालवणारा नव्हे, सेना तयार करणारा. हा शब्द कोणाला सुचला कोण जाणे, पण ज्याने तो काढला त्याला माणसाची पारख होती. सेना तयार करायची म्हणजे काय? पागेला दाणा, शिपायाला रोजमुरा, सरदाराला मुलूख. या तिन्हींच्या मागे पैसा, आणि पैसा सावकारांच्या घरी. ज्याच्या हिशेबावर सावकाराचा विश्वास, त्यालाच पैसा मिळणार. सासवडचे पुरंदरे बाळाजींच्या पाठीशी राहिले. चासकर जोशी हे सावकार घराणे. त्यांची मुलगी काशीबाई पुढे बाजीरावांची पत्नी झाली. अशा घरांत बाळाजींच्या शब्दाला पत होती, कारण दोन तपे वसुलाचे काम करून त्यांनी ती मिळवली होती. कर्ज उभे राहिले, स्वार गोळा झाले, आणि खटावकरासारख्या बंडखोराचा मोड झाला. मिठाच्या राशी मोजणाऱ्याने स्वारांच्या राशी मोजल्या, असे माझे वडील म्हणाले असते.

सगळेच डाव साधले, असे मात्र नाही. पाटस प्रांती दमाजी थोरात म्हणून एक पुंड होता. त्याने बेलभंडार उचलून शपथ घेतली आणि बाळाजींना भेटीस बोलावले. बाळाजी कुटुंबासह गेले, आणि त्याने सगळ्यांना कैद केले. शपथेची आठवण दिली तेव्हा त्याने, बेल म्हणजे झाडाचा पाला आणि भंडार म्हणजे रोज खातो ती हळद, त्यात काय आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले म्हणतात. राखेचे तोबरे तोंडाला बांधण्याची धमकी दिली, आणि शाहूंना दंड भरून आपला माणूस सोडवावा लागला. कागदावर लिहिलेल्या शब्दाचा जन्मभर विचार करणारा माणूस तोंडी शपथेवर फसला. वर्गात ही हकीकत सांगितली की मुले हसतात; मला मात्र त्या हसण्यात सामील होता येत नाही.

१७१३ साली कान्होजी आंग्र्यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच पकडून ठेवले, आणि घाटावरचे किल्लेही घेतले. आंग्र्यांवर कोणाला पाठवावे? त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पुण्याजवळ मांजरी येथे शाहूंनी बाळाजींना पेशवेपदाची वस्त्रे दिली आणि कोकणाकडे रवाना केले. बाळाजींनी बरोबर फौज नेली. पण खरे काम झाले ते लोणावळ्याजवळ, बोलाचालीने. कान्होजी जुन्या ओळखीचे. एके काळी त्यांच्याशी सूत असल्याच्या संशयावरून बाळाजींचे घर बुडाले होते. आता तीच ओळख उपयोगी पडली! आंग्र्यांची गरज कोणती, हे बाळाजींना ठाऊक होते. दर्यावर्द्याला घाटमाथ्याच्या किल्ल्यांचा जाच अधिक आणि लाभ कमी. त्याला हवी होती समुद्रावरची हुकमत आणि तिला छत्रपतींची मान्यता. १७१४ च्या आरंभी तह झाला. कान्होजींनी पिंगळ्यांना सोडले, घाटावरचे बहुतेक किल्ले परत केले, ताराबाईंचा पक्ष टाकून ते शाहूंचे सरखेल झाले. लढाई न होता आरमार राज्याला मिळाले.

यानंतरचा मोठा प्रसंग दिल्लीचा. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याचे आणि बादशहा फर्रुखसियरचे फाटले होते. सय्यदाला फौज हवी होती, शाहूंना सनदा हव्या होत्या, आणि आई येसूबाई सुटून यायला हवी होती. या बोलण्यात सय्यदाच्या बाजूने मध्यस्थ होता शंकराजी मल्हार. हा गृहस्थ पूर्वी जिंजीस राजाराम महाराजांचा सचिव होता. ते पद सोडून तो काशीला जाऊन राहिला, आणि म्हातारपणी सय्यदाच्या चाकरीत शिरला. मराठ्यांचा कारभार आतून बाहेरून जाणणारा माणूस, हीच त्याची मोगल दरबारातली किंमत. तेव्हा बैठकीच्या दोन्ही बाजूंना दोन मराठी कारकून बसले होते, आणि दोघांनाही कलमाकलमाचा अर्थ सारखाच कळत होता. या शंकराजीवर कोणीतरी कादंबरी लिहावी. मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा टाकून दिली.

मराठ्यांची फौज दिल्लीला गेली. १७१९ च्या फेब्रुवारीत शहरात दंगल उसळली, दीड-दोन हजार मराठे मारले गेले. त्यांत बाळाजी महादेव भानू होते, वेळासच्या त्या बंधूंपैकी एक. वाट्याचे वचन दिलेल्या माणसाच्या वाट्याला हे आले. (त्यांचा नातू पुढे नाना फडणीस म्हणून प्रसिद्ध झाला, भानूंना फडणिशी मिळाली ती त्या जुन्या वचनाला जागून, असे मानतात.) फर्रुखसियर पदच्युत झाला, आणि मार्चमध्ये नव्या बादशहाच्या शिक्क्याने सनदा मिळाल्या : स्वराज्याची, दख्खनच्या सहा सुभ्यांतल्या चौथाईची आणि सरदेशमुखीची. त्या सहा सुभ्यांचे उत्पन्न कागदोपत्री सुमारे अठरा कोटी रुपये धरले होते. त्याची चौथाई साडेचार कोटी, दहा टक्के सरदेशमुखी एक कोटी ऐंशी लाख. उलट मराठ्यांनी पंधरा हजार स्वारांनिशी बादशहाची चाकरी करायची आणि दहा लाख खंडणी भरायची. तीस वर्षांनी येसूबाई मोकळ्या होऊन साताऱ्यास आल्या.

पण हिशेबनीसाच्या मुलाला खरी चटक लागते ती यापुढच्या भागाची. हे पैसे वाटायचे कसे? शंभर रुपये चौथाई आली असे धरू. त्यातले पंचवीस ‘बाबती’ म्हणून राजाचे. सहा ‘सहोत्रा’ पंत सचिवांना. तीन ‘नाडगौडा’, राजा देईल त्याला. उरलेले सहासष्ट ‘ऐन मोकासा’, ज्या सरदाराने फौज ठेवायची त्याला. सरदेशमुखी वेगळी, ती राजाचे वतन. बरे, एकेका सरदाराचा हक्क एका ठिकाणी दिला नाही. एकाच परगण्यात याची बाबती, त्याचा मोकासा, तिसऱ्याचा नाडगौडा, असे गुंतवून टाकले. आणि आकारणी जुन्या पूर्ण जमेवर. युद्धात ओस पडलेल्या मुलखातून तेवढे कधीच वसूल व्हायचे नाही, त्यामुळे बाकी सदैव निघतच राहायची, आणि बाकी मागायला मराठ्यांना सदैव जागा राहायची.

ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने यावर टीका केली. त्याचे म्हणणे असे, की ही गुंतागुंत मुद्दाम केली, म्हणजे लिहिता न येणारे सरदार लिहिणाऱ्या ब्राह्मण कारकुनांच्या मुठीत राहावेत. आपल्याकडच्या पुष्कळ लेखकांना ही टीका झोंबली. मला वाटते, तिच्यात तथ्य आहे; पण ते सगळे तथ्य नव्हे. कोणताही कसबी आपल्या कसबाची गरज राहील अशीच व्यवस्था लावतो. सुतार बांधतो त्या घराला सुतार लागत राहतो. शिवाय सरदारांना वेगवेगळ्या दिशांना मोकळे सोडायचे आणि तरी एका दोरीत ठेवायचे, ही अडचण खरी होती. राजाकडे जबरदस्तीला फौज नव्हती. मग दोरी कशाची करणार? बाळाजींनी ती हिशेबाची केली. ती पुढे सैल झाली, कुठे कुठे तुटली, शिंदे-होळकर-गायकवाड स्वतंत्र दौलती झाले, आणि बाकी वसूल करणाऱ्या स्वारांनी परमुलखांत जे केले ते वाचून मान खाली जाते. ओस गावावर पुरी जमा धरणारी लेखणी निर्दोष नसते. श्रीवर्धनच्या देशमुखाला हे ठाऊक नसेल, असे म्हणवत नाही.

दिल्लीहून आल्यावर बाळाजीपंत फार दिवस जगले नाहीत. दगदगीने शरीर खचले होते. ते सासवडास विश्रांतीला गेले आणि १७२० च्या एप्रिलात तिथेच वारले. दोन-तीन आठवड्यांत शाहूंनी बाजीरावांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. मुलगा विशीच्याही आतला, आणि त्याला घोड्यावरून उतरवणे कठीण. दरबारातल्या वडील मंडळींना हे पसंत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी शाळेची सहल सासवडला नेली होती. कऱ्हेकाठी बाळाजीपंतांची समाधी आहे. मुलांनी भोवती फेरी मारली, डबे उघडले. एक मुलगा माझ्यापाशी आला. त्याचे वडील नुकतेच एका कारखान्यातून कमी झालेले, हे मला ठाऊक होते; कारण फी भरायची मुदत वाढवून मागायला ते माझ्याकडे आले होते आणि बराच वेळ बोलत बसले होते.

“सर,” तो म्हणाला, “त्यांना खरंच घोड्यावर बसता येत नव्हतं?”

“तसं म्हणतात.”

“मग त्यांनी राजाला काय सांगितलं असेल? मला काय येतं म्हणून?”

मी म्हणालो, “ते कुठे लिहून ठेवलेलं नाही रे. तुझे बाबा काय काम करायचे कारखान्यात?”

“स्टोअरला होते. कुठला नट कुठल्या खणात, सगळं पाठ आहे त्यांना. दहा हजार वस्तू.”

“रविवारी त्यांना माझ्याकडे पाठव,” मी सांगितले. “आणि त्यांच्या हातचं एखादं रजिस्टर घरी असलं, तर तेही घेऊन ये म्हणावं.”